महिला दिनाच्या प्रदर्शनासाठी कालरेषा: तारखा, फलक आणि नावं

खडूफळा
८ मार्चपासून आठवडाभर ग्रंथालयाच्या व्हरांड्यात प्रदर्शन मांडायचं आहे. विषय: महाराष्ट्रातल्या स्त्रियांच्या हक्कांची वाटचाल, १८४८ पासून आजपर्यंत. चाळीस फुटांची भिंत आहे. २ बाय ३ फुटांचे बारा फलक उभे लावले आणि मध्ये एकेक फूट सोडला, तर पस्तीस फुटांत बसतात. बघायला शाळेची मुलं येतील, बचत गटाच्या बायका येतील, रोज पेपर वाचायला येणारी वडीलधारी मंडळीही असतील.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. कोणत्या तारखा हमखास चुकीच्या छापल्या जातात? एका फलकावर मजकूर किती असावा? आणि नुसते कायदे लावले तर सगळं कोरडं होईल का?

मोडीवाचक
पहिली चूक महिला दिनाच्या फलकावरच होते. '८ मार्च १८५७ ला न्यूयॉर्कमध्ये कापड कामगार स्त्रियांचा मोर्चा निघाला' हे वाक्य वर्षानुवर्षं उतरवलं जातंय. अशा मोर्चाची त्या काळची एकही नोंद सापडलेली नाही, ही गोष्ट नंतर जोडली गेली. ते वाक्य काढून टाका.

खात्रीचा क्रम असा: १९१० मध्ये कोपनहेगनच्या समाजवादी स्त्रियांच्या परिषदेत क्लारा झेटकिन यांनी दरवर्षी असा दिवस पाळावा असं मांडलं, पण तारीख ठरवली नव्हती. पहिला दिवस १९ मार्च १९११ ला पाळला गेला. ८ मार्च पक्का झाला तो १९१७ च्या पेट्रोग्राडमधल्या संपामुळे. त्या वेळी रशियात जुनं कॅलेंडर चालू होतं, म्हणून तिथल्या कागदांवर २३ फेब्रुवारी दिसतो. दोन्ही तारखा एकाच दिवसाच्या आहेत, एवढं एका ओळीत सांगा. संयुक्त राष्ट्रांनी १९७५ पासून हा दिवस पाळायला सुरुवात केली आणि १९७७ मध्ये तसा ठराव केला.

दुसरी अडचण 'पहिली' या शब्दाची. पुण्यात भिडे वाड्यातली सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांची शाळा १८४८ ची, याबद्दल वाद नाही. पण 'भारतातली मुलींची पहिली शाळा' असं सरसकट लिहू नका, मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळा त्याआधी मुंबईत होत्या. 'भारतीयांनी स्वतः काढलेल्या मुलींच्या सुरुवातीच्या शाळांपैकी एक' हे बरोबर आहे आणि त्याने काम कणभरही लहान होत नाही. ज्या पुण्यात शिकवायला जाताना अंगावर शेण पडत होतं तिथे शाळा चालवली, मोठेपण त्यात आहे.

आनंदीबाई जोशींचंही तसंच. त्यांची वैद्यकीय पदवी मार्च १८८६ ची. त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुलींनीही वैद्यकीय शिक्षण पूर्ण केलं, आणि त्यांनी पुढे अनेक वर्षं रुग्ण तपासले. आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ ला गेल्या, व्यवसाय करायला त्यांना आयुष्यच मिळालं नाही. म्हणून 'पहिल्या भारतीय स्त्री डॉक्टरांपैकी एक' असं लिहा.

सुईदोरा
फलकाच्या मापांबद्दल लिहिते.

एका फलकावर १२० शब्दांच्या वर जाऊ नका. उभ्याने वाचणारा माणूस एका फलकापुढे अर्धा-पाऊण मिनिट थांबतो, त्यात तेवढंच होतं. मजकूर ३० पॉइंटच्या खाली नको, मथळा १०० च्या आसपास. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार येतात, त्यामुळे दोन ओळींतलं अंतर अक्षराच्या दीडपट ठेवा. इंग्रजीच्या हिशेबाने ठेवलं तर वरचा उकार खालच्या रफाराला टेकतो.

फलकाचा मध्य जमिनीपासून पाच फुटांवर येतो. लहान मुलं आणि चाकाच्या खुर्चीवरचे लोक येणार असतील तर साडेचार फूट करा, मोठ्यांना त्याने त्रास होत नाही.

५ मिलिमीटरचा सनबोर्ड (फोमचा हलका पुठ्ठा) घ्या, त्यावर मॅट लॅमिनेशन. चकचकीत घेतलंत तर व्हरांड्यातल्या ट्यूबलाइटची रेघ बरोबर मजकुरावर पडते आणि लोक मान वाकडी करून वाचतात. भिंतीला चुना असेल तर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप दुपारपर्यंत सुटते, कारण ती चुन्याच्या भुकटीला चिकटते, भिंतीला नाही. वर लाकडी पट्टी ठोका आणि फलकाला कडेपासून दोन इंच आत दोन भोकं पाडून नायलॉनच्या दोरीने टांगा. एकच भोक मध्यभागी पाडलं तर वाऱ्याने फलक फिरतो.

जाईजुई
सुईदोरा, एक राहिलं. छपाईवाल्याकडे फाइल उघडली की 'शेतकऱ्यांच्या'चं 'शेतकर्यांच्या' होतं. जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये बदललेल्या मजकुरात तर हे हमखास. पीडीएफ करताना अक्षरं रेषांमध्ये बदलून द्या, म्हणजे त्यांच्या संगणकावर फाँट नसला तरी बिघडत नाही. आधी एका फलकाचा ए-फोर नमुना काढून 'ऱ्या', 'ऱ्हा' आणि 'ज्ञ' तपासा. फाँटमध्ये ल आणि श मराठी वळणाचे आहेत का तेही बघा.

कायदेकानू
कायद्याच्या फलकावर नुसतं वर्ष टाकलं की माणसाची दिशाभूल होते. प्रत्येक कायद्याला तीन गोष्टी विचारा: संमत कधी झाला, लागू कधी झाला आणि कोणाला लागू *नव्हता*. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच फलकावर येत नाही.

मताधिकार घ्या. मुंबई इलाख्यात १९२१ मध्ये 'स्त्री आहे म्हणून मत नाही' ही अट निघाली. पण मालमत्तेची आणि कराची अट तशीच होती, म्हणजे जिच्या नावावर काही नाही तिला मतही नाही. सगळ्या प्रौढ स्त्रियांना मत मिळालं ते राज्यघटनेने, १९५० मध्ये. १९२१ चा फलक लावून पुढे एकदम आजवर आलात तर मधली तीस वर्षं गायब होतात.

बालविवाह: १९२९ चा कायदा १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. मुलीचं वय १४, मुलाचं १८. १८ आणि २१ झालं ते १९७८ मध्ये.

बाळंतपणाची रजा: मुंबई प्रांताचा कायदा १९२९ चा, तो कारखान्यांतल्या बायकांसाठी. त्या विधेयकाच्या बाजूने डॉ. आंबेडकर १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बोलले होते. देशाचा कायदा १९६१ चा, १२ आठवडे. २०१७ मध्ये पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे झाले. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. शेतमजूर, घरकामगार, ऊसतोड कामगार यांच्यापर्यंत ही रजा पोचत नाही. फलकापुढे ऊसतोडीला जाणारी बाई उभी राहिली आणि तिथे नुसतं '२६ आठवडे' लिहिलेलं असलं, तर तो फलक तिच्यासाठी खोटा आहे.

मालमत्ता: हिंदू वारसा कायदा १९५६. मुलीला वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत वाटा मिळाला, पण वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत ती जन्माने हक्कदार झाली नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये तो हक्क दिला, पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुली वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर विवाहित-अविवाहित सगळ्या मुली आल्या. तरी 'त्या तारखेला वडील हयात हवेत का' यावर पंधरा वर्षं भांडणं चालली. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने हयात असायची गरज नाही असं सांगितलं. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र उघडत नाहीत.

पाटीपेन्सिल
कायदेकानू, तुमच्या या एका प्रतिसादात चार फलक आहेत :) पण मला वाटतं एवढ्या तारखा भिंतीवर लावल्या तर मुलं दुसऱ्या फलकालाच निघून जातील. माणसं दाखवा. रखमाबाईंचा एक खटला नीट सांगितला तर संमतिवयाचा (मुलीशी शरीरसंबंधासाठीच्या किमान वयाचा) कायदा आपोआप समजतो.

अकराव्या वर्षी लग्न, सासरी कधी नांदल्याच नाहीत. १८८४ मध्ये नवऱ्याने नांदायला येण्यासाठी दावा लावला. १८८५ मध्ये न्यायाधीश पिन्ही यांनी तो फेटाळला. अपिलानंतर प्रकरण परत आलं आणि मार्च १८८७ मध्ये हुकूम झाला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, मग त्या लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आल्या आणि सुरत, राजकोटला कित्येक वर्षं काम केलं. संमतिवय १० वरून १२ झालं ते १८९१ मध्ये. हे सगळं ११० शब्दांत बसतं.

कायदेकानू
पाटीपेन्सिल, मान्य. पण मग 'कोणाला लागू नव्हता' ही एक ओळ प्रत्येक फलकाच्या तळाशी वेगळ्या रंगात ठेवा. ती सोडू नका.

नागनदी
आतापर्यंतची सगळी नावं पुण्या-मुंबईची. नागपूर कुठे आहे?

२० जुलै १९४२ ला नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद झाली. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बायका खेड्यापाड्यांतून आल्या होत्या. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, गिरणी आणि विडी कामगार स्त्रियांना रजा, अशा मागण्या त्यांनी ठरावांत केल्या. हिंदू कोड बिल (लग्न, घटस्फोट, वारसा यांचे हिंदू कायदे बदलणारं विधेयक) संसदेत येण्याच्या कितीतरी आधी. ते बिल अडलं म्हणून बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं हे सगळे लिहितात, पण या बायकांचे ठराव कोणी लिहीत नाही.

आणि १८४८ च्या फलकाशेजारी मुक्ता साळवेला जागा द्या. फुल्यांच्या शाळेतली मातंग समाजातली मुलगी, वय चौदाच्या आसपास. १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. शाळा काढली हे आपण सांगतो, शाळेतून काय निघालं हे सांगायला तिचा निबंध आहे.

खडूफळा
नागनदी, दोन्ही घेते. सावित्रीबाईंच्या सहकारी म्हणून सांगितल्या जाणाऱ्या फातिमा शेख यांचं काय करावं? इंटरनेटवर त्यांची जन्मतारीख, फोटो सगळं मिळतंय, आणि दुसरीकडे त्या नव्हत्याच असंही काही जण लिहितायत.

मोडीवाचक
कागद जेवढं बोलतो तेवढंच लिहा. सावित्रीबाईंनी नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात फातिमा हे नाव येतं. आपण आजारपणामुळे माहेरी असताना तिच्यावर कामाचा भार पडत असेल, अशी काळजी त्यात आहे. शाळेच्या कामातली सोबतीण म्हणून हा उल्लेख फलकावर पुरेसा आहे. जन्मतारीख टाकू नका.

आबोली
मुस्लिम स्त्रियांचा फलक आणखी एक हवा. १८ एप्रिल १९६६ ला समाजसुधारक हमीद दलवाईंनी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मंत्रालयावर नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध. सातच जणी, फलकावर ७ हा आकडा मोठा काढा. सर्वोच्च न्यायालयाने तोंडी तिहेरी तलाक रद्द केला ऑगस्ट २०१७ मध्ये. मधली एक्कावन्न वर्षं त्या सात जणींच्या शेजारीच दिसू द्या.

सुईदोरा
फोटोंबद्दल. छापील मापात इंचाला किमान १५० ठिपके हवेत. म्हणजे ८ बाय १० इंचांच्या फोटोला १२०० बाय १५०० पिक्सेल. व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो आधीच दाबलेला असतो, मोठा केला की चेहऱ्यावर चौकोन दिसतात.

एक फोटो जरूर मिळवा: आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली, ऑक्टोबर १८८५, फिलाडेल्फियातलं स्त्रियांचं वैद्यकीय महाविद्यालय. तिघी आपापल्या देशाच्या वेषात बसल्या आहेत, आनंदीबाई नऊवारीत. मुली या फोटोपुढे थांबतात. तिघींची नावं नीट छापा. 'आनंदीबाई आणि मैत्रिणी' असं लिहू नका.

उखाणा
नावांवरून सांगावंसं वाटलं. पूर्ण प्रदर्शनाचा धागा नावाचा का नाही करत?

१९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीच्या याद्या बनत होत्या, तेव्हा मुख्यतः उत्तरेकडच्या प्रांतांत लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको एवढंच. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी घ्यायच्या नाहीत असं ठरवलं. मुदत दिली, तरी शेवटी सुमारे २८ लाख स्त्रिया यादीबाहेर राहिल्या. हक्क घटनेने दिला होता, मत नावाअभावी गेलं.

आणि आता आपल्याकडची नावं बघा. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना कुर्लेकर. लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका गोखले. आनंदीबाई कर्वे माहेरच्या गोदू जोशी. रखमाबाईंनी १८८५ मध्ये टाइम्स ऑफ इंडियात बालविवाहाविरुद्ध पत्रं लिहिली ती 'एक हिंदू स्त्री' या सहीने. दोन यमुना घरातून निघाल्या आणि इतिहासात आनंदीबाई नि रमाबाई म्हणून पोचल्या. जुने कागद शोधताना हे माहीत नसेल तर निम्मं आयुष्य हाती लागत नाही.

प्रत्येक फलकावर व्यक्तीचं नाव लिहाल तिथे जन्माचं नावही लिहा, त्याच आकारात.

पाटीपेन्सिल
उखाणा, अनुमोदन. याला शेवटचा फलक जोडता येईल. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम महाराष्ट्रात आला. यमुनापासून सुरू करून तिथे संपवा.

बांधावरून
तिथे संपवू नका, सातबाऱ्यापर्यंत या. गावातल्या बायकांना नावाचा प्रश्न तिथे भेटतो.

वडील गेल्यावर वारस नोंदीचा अर्ज जातो. मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं असलेलं शपथपत्र लागतं. बायको, आई, मुलगे, मुली सगळे पहिल्या वर्गाचे वारस, वाटा सारखा. चूक होते ती शपथपत्रात. सासरी गेलेल्या मुलींची नावं लिहिलीच जात नाहीत. मग नमुना ९ ची (होणाऱ्या बदलाची) नोटीस त्यांना निघत नाही, हरकतीचे पंधरा दिवस त्यांना कळतही नाहीत, आणि फेरफार, म्हणजे नोंदीतला बदल, प्रमाणित होऊन जातो.

दुसरी चूक: मुलीचं नाव लिहितात, पण माहेरचं. तिच्या आधारवर सासरचं. पुढे पीककर्ज असो की खरेदीखत, दोन नावं एकाच बाईची हे सिद्ध करत ती फिरते. अर्जातच 'माहेरचं नाव उर्फ सासरचं नाव' असं दोन्ही घालायचं.

तिसरी: साध्या कागदावर 'मी हक्क सोडला' असं लिहून घेतात. स्थावराचं हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावं लागतं, तलाठ्याकडे दिलेल्या अर्जाने हक्क सुटत नाही. हे एक वाक्य मोठ्या अक्षरात लावलंत तरी व्हरांडा सत्कारणी लागेल.

कायदेकानू
बांधावरून यांनी लिहिलेला वारसांचा क्रम हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांना लागू. मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी यांचे वारसा कायदे वेगळे आहेत, तेवढं तळाच्या ओळीत घ्या. बाकी अचूक.

नावावर जमीन करण्याचा इतिहासही आपल्याकडे आहे. शेतकरी संघटनेचं चांदवडचं महिला अधिवेशन नोव्हेंबर १९८६ चं. त्यातून पुढे लक्ष्मीमुक्ती आली आणि शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावावर जमीन लावली. तो फलक सातबाऱ्याच्या फलकाआधी लावा.

जाईजुई
ओव्या कोणीच काढल्या नाहीत! हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेड्यापाड्यांतून लाखाच्या वर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, गाणाऱ्या बाईच्या आणि गावाच्या नावासकट. व्हरांड्यात एका कोपऱ्यात ओव्या ऐकवल्या तर पेपर वाचणारेही उठून येतील.

स्वतः ध्वनिमुद्रण करणार असाल तर फोन विमान मोडवर टाका, पंखा बंद करा, फोन जात्यावर न ठेवता उशीवर ठेवा, नाहीतर दगडाची घरघर आवाज खाते. सुरुवातीला अर्धा मिनिट कोणी बोलू नका. मग बाईंना त्यांच्या तोंडून तारीख, गाव, माहेरचं नाव, सासरचं नाव सांगू द्या, आणि हे लोकांना ऐकवायला त्यांची हरकत नाही हेही त्याच मुद्रणात येऊ द्या. वेगळ्या कागदावरची संमती हरवते.

खडूफळा
मांडणी बदलली. बारातले चार फलक कायद्यांचे, तळाशी 'कोणाला लागू नव्हता' ही ओळ लाल अक्षरांत. सात माणसांचे, जन्माच्या नावासकट. बारावा सातबाऱ्याचा. त्याच्या पुढे रिकामी भिंत सुमारे पाच फूट उरते, तिथे येणाऱ्यांनी आपल्या आजीचं, पणजीचं माहेरचं नाव लिहून लावावं असं ठरतंय. कार्ड केवढं करावं?

सुईदोरा
पोस्टकार्डाएवढं, साडेपाच बाय साडेतीन इंच, जाड पिवळसर कागद. तीनच रेघा: जन्माचं नाव, माहेरचं गाव, काय येत होतं. 'व्यवसाय' लिहू नका, तिथे लोक 'गृहिणी' लिहून मोकळे होतात. 'काय येत होतं' विचारलं की सुईणपण, गोधडी, हिशेब, मोट हाकणं असं काहीबाही येतं.

शाईचं पेन ठेवू नका, घामाच्या हाताने पसरतं. बॉलपेन दोरीला बांधा, चार तरी. कार्ड टांगायला सुतळी आणि लाकडी चिमटे. पाच फुटांत एका सुतळीवर आडवी दहा कार्डं बसतात, सहा सुतळ्या लावा. दोनशे कार्डं छापा. सुतळ्या भरल्या की जुनी काढून वहीत चिकटवा, फेकू नका.

उखाणा
ज्यांना पणजीचं नाव माहीत नाही त्यांच्यासाठीही कार्ड असू द्या. नावाची रेघ कोरी सोडून बाकी दोन भरायच्या. घरी विचारून दुसऱ्या दिवशी येऊन नाव घातलं तरी चालेल, असं पेनाच्या शेजारी लिहून ठेवा.